अंडी खंय?

तो पक्षी मी पहिल्यांदा पाहिला तो उलटा. पाय वर, पाठ खाली, आणि डोक्यावर आभाळाच्या जागी हिरवीगार पानं.

यात पक्ष्याची काही चूक नव्हती. आमच्या ऑफिसातली चांगली ऑटो लेव्हल दुरुस्तीला गेली होती आणि माझ्या वाट्याला स्टोअरमधली जुनी डम्पी लेव्हल आली होती. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवलेली दुर्बीण. समोर एक माणूस आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभा राहतो, तिला स्टाफ म्हणतात. दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचला की कुठली जागा किती वर, किती खाली ते कळतं. जुन्या डम्पीतून जग उलटं दिसतं. आमच्या पिढीचे इंजिनिअर आकडे उलटे वाचायला शिकलेले आहेत, आणि सरकारी नोकरीत त्याचा पुढे बराच उपयोग होतो.

मी शाखा अभियंता. मूळचा वैभववाडीकडचा, म्हणजे समुद्रापेक्षा घाट जवळ असलेल्या बाजूचा. पाण्यातल्या पक्ष्यांपैकी मला बगळा ओळखता यायचा, तोही उभा असला तर. त्या दिवशी मी एका गावच्या देवळाच्या तळीवर लेव्हल लावून उभा होतो. गावाचं नाव सांगत नाही. मालवणातून तारकर्लीकडे जाताना आत वळलं की लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर पुढच्या चतुर्थीला मला तिथे मोदक मिळणार नाहीत.

काम साधं होतं. या वाडीचे गणपती तळीत विसर्जन होतात. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, पण पावसातल्या समुद्रात गणपती घेऊन उतरायची हौस कोणाला नसते, आणि आजोबा-पणजोबांपासूनची चाल तळीचीच. तळीच्या घाटाच्या खालच्या तीन पायऱ्या ढासळल्या होत्या. समोर कमळाची पानं आणि देठांची जाळी माजली होती. गेल्या वर्षी मूर्ती घेऊन उतरलेल्या एका म्हाताऱ्याचा पाय देठांत अडकला, तो कमरेपर्यंत घसरला, आणि गणपती शेजाऱ्याने वरच्यावर झेलला म्हणून अपशकून टळला. तेव्हा पायऱ्या नव्या बसवायच्या आणि घाटासमोरचं पाणी मोकळं करायचं. कामाचा आदेश नेहमीप्रमाणे उशिरा निघाला. चतुर्थीला तेरा दिवस उरले होते.

मशीन लावावं तर तळीपर्यंत यायला पाणंद, त्यातून बैलगाडीसुद्धा अंग चोरून जाते. म्हणून जाळी कापायला बाबी मयेकर. वय सत्तरच्या पुढे. तळीतली कमळं देवळाला पुरवण्यात त्यांचा जन्म गेला. केळीच्या चार खांबांचा तराफा करून त्यावर पालथे पडायचे आणि हात पाण्यात घालून कोयत्याने देठ मुळाशी कापायचे, हे काम गावात आता त्यांनाच येतं. गेल्या वर्षी घसरलेला म्हातारा म्हणजे हेच. यंदा आपला गणपती नीट उतरावा म्हणून ते माझ्या आधी कामावर हजर असायचे.

तर बाबीकाका छातीभर पाण्यात स्टाफ धरून उभे, आणि मी दुर्बिणीत. आकड्याच्या शेजारी हा उलटा पक्षी आला. चॉकलेटी अंग, पांढरेशुभ्र पंख, मानेवर मागे सोनेरी पट्टा आणि कोयत्यासारखी वाकडी, लांबलचक काळी शेपटी. बोटं तर अशी लांब की पानावर ठेवलेला पाय कोळ्यासारखा पसरायचा. पानावरून तो जमिनीवरून चालावं तसा चालत होता. आणि स्टाफकडे बघून मांजरासारखा म्यांव म्यांव ओरडत होता.

"सायबानू, जरा थांबा," बाबीकाका म्हणाले. "हंय पाखराचा घर आसा."

मी पॅन्ट दुमडून गुडघाभर उतरलो. घर म्हणजे काय, चार-पाच ओल्या काड्या पानांवर टाकलेल्या. आमच्या खात्यात एवढं कच्चं बांधकाम मी पाहिलेलं नाही, आणि मी बरंच पाहिलं आहे. त्यावर चार अंडी. तपकिरी, टोकाकडे निमुळती, पॉलिश केलेल्या भोवऱ्यासारखी चकचकीत. शेवटच्या पायरीपासून दहा फुटांवर, गणपतीच्या वाटेत अगदी मधोमध.

बातमी गावात जायला स्टाफ सुकायचा अवकाश होता. सरपंच सुनंदा वहिनी आल्या. देवळात गाऱ्हाणं घालणारे अनंत गावकर आले. वहिनी बाई मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी तिथेच निकाल दिला.

"आवस बसलीहा बिचारी. पण गणपतीच्या वाटेर घर कसा चालात? जरा बाजूक सरकवा."

"आवस नाय ती," बाबीकाका पाण्यातूनच म्हणाले. "तो बापूस."

"आणि आवस खंय?"

"ती बघा थंय, पलीकडच्या कोपऱ्यात. ती अंडी घालता आणि जाता. मगे दुसरो घोव बघता, तेच्या घरात चार घालता. एका पावसात तीन-चार घोव. उबवूचा, पोरां फिरवूची, सगळा बापसान."

वहिनींनी कंबरेवर हात ठेवले आणि घाटावर जमलेल्या पुरुषांकडे एक नजर फिरवली. "ऐकलास मरे? शिका कायतरी!" घाटावरचे पुरुष एकदम पायऱ्यांचे चिरे निरखायला लागले. घरी येऊन मी मोबाईलवर वाचलं. कमळपक्षी. मादी मोठी आणि दांडगी, नर लहान. बाबीकाकांचं एकही वाक्य खोटं निघालं नाही.

पण वाद मिटला नाही. वहिनींचं म्हणणं, घर उचलून हलवा. गावकरांचं म्हणणं, "देवाच्या तळयेतला पाखरू. देवाक इचारल्याशिवाय हात लावूचो नाय." मग कौल लावायचं ठरलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सरपंच असो की आमदार, कौलापुढे कोणी जात नाही.

गावकरांनी विचारलं, घर हातान हलवूचा काय? डावी पडली. नाही. मग विचारलं, यंदा गणपती दुसरीकडे नेवचे काय? थोडा वेळ गेला, आणि पुन्हा डावी पडली. नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. थोडक्यात, देवाने दोन्ही पर्याय नामंजूर करून फाईल खाली माझ्या टेबलावर पाठवली होती. वरिष्ठांची ही पद्धत मला ओळखीची होती.

तरी मी आमच्या उपअभियंता मॅडमना फोन केला. मॅडम कोल्हापूरच्या, फोंडाघाट उतरून आमच्याकडे आलेल्या. बोलणं मोजकं.

"परब, पक्ष्याच्या अंड्यांना हात लावायचा नाही. कायदा आहे."

"हो मॅडम."

"आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी घाट मोकळा पाहिजे."

"मॅडम, दोन्ही एकदम कसं होईल?"

"इंजिनिअर तुम्ही आहात," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इंजिनिअरला धोका दिसला की तो एकच गोष्ट करतो: लाल निशाण लावतो. मी रात्री ड्रॉइंग काढलं. घरट्याभोवती सहा फुटांवर गोल, त्यावर बारा बांबू, प्रत्येकाला लाल निशाण, आणि सगळ्यांना फिरवलेली नायलॉनची दोरी. गोलाच्या आत कोणी जायचं नाही. गोलाच्या बाहेर सगळी जाळी साफ. गणपती एका बाजूने, तीन फुटी पट्टीतून जातील. अडचण होईल, पण जमेल. ड्रॉइंग मला फार आवडलं होतं, हे कबूल करतो.

बाबीकाकांनी बांबू ठोकायला मदत केली, पण तोंड कडू करून.

"सायबानू, इतकी निशाणां कित्याक? तेका वाटतला हंय जत्रा भरलीहा."

"सुरक्षेचा नियम आहे, काका."

"आणि चारय बाजूंन कापूचा नाय. एका अंगाक पानांची वाट ठेवूक व्हयी. आमचे आजे तळी साफ करताना अशीच..."

"ड्रॉइंगमध्ये नाही ते करायचं नाही," मी म्हणालो.

ते गप्प झाले. मी समजलो, पटलं. सत्तरीचा मालवणी माणूस गप्प झाला की त्याला पटलं, असं समजणाऱ्याला नोकरीत पस्तीस वर्षं होऊनही काही कळलेलं नसतं.

पुढचे सहा-सात दिवस काम झरझर झालं. गवंड्यांनी चिरे घडवले. मधे सरी येत, पाणी चार बोटं चढे. मी रोज सकाळी डम्पी लावून पायऱ्यांची पातळी बघायचो, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळ बघायचो. तो बाप उन्हात पंख अर्धे उघडून अंड्यांवर सावली धरायचा. सर आली की सगळं अंग पसरून झाकायचा. कावळा आला की तिरासारखा जायचा त्याच्या अंगावर, लांब पाय लोंबत ठेवून. पाणी चढलं की काड्या ओढून घराखाली सरकवायचा. मादी दोनदा येऊन दुरून बघून गेली. आमच्या खात्यातल्या वरिष्ठांच्या साइट व्हिजिटसारखं. मला तो पक्षी आवडायला लागला होता. त्याचं काही बरंवाईट झालं तर मला झोप लागली नसती.

पण तो अस्वस्थ होता. निशाणं फडफडली की उठायचा, पुन्हा बसायचा. आणि बाबीकाकांनी सगळीकडची जाळी साफ करत आणली तरी एका बाजूला, घरट्यापासून देवचाफ्याखालच्या कोपऱ्यापर्यंत, पानांचा एक वेडावाकडा पट्टा तसाच ठेवला होता. मी दोनदा सांगितलं, "काका, ते अर्धवट दिसतं, काढून टाका." ते "होय होय" म्हणाले आणि काढलं नाही.

चतुर्थीला पाच दिवस असताना सकाळी आठला मी पोचलो तर घाटावर वीसेक माणसं. घरटं रिकामं. एकही अंडं नाही, कवच नाही, काही नाही. पक्षी लांब एका पानावर उभा राहून जीव खाऊन ओरडत होता.

बारापैकी तीन बांबू उपटून पायरीवर नीट ओळीने ठेवलेले होते. निशाणं गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. आणि तळीत फक्त बाबीकाका, तराफ्यावर, हातात कोयता. पहाटेपासून तेच एकटे पाण्यात होते.

"बांबू कोणी काढले?" मी विचारलं.

"मिया," बाबीकाका शांतपणे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. रागावलो की माझी ऑफिसची मराठी गळून पडते.

"बाबीकाका, अंडी खंय?"

"आसती थंय."

"थंय म्हणजे खंय?"

"सायबानू, वायच दम धरा."

दम मी धरला नाही. "तुमका गणपतीक वाट व्हयी होती," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "म्हणान तुमी..."

वाक्य मी पुरं केलं नाही, पण पुरं करायची गरजही नव्हती. बाबीकाकांनी तराफा काठाला लावला, कोयता पायरीवर ठेवला, खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले आणि घराकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही.

मॅडमना फोन केला. "त्या वेळी तिथे कोण होतं?" "बाबी मयेकर." "मग तसं लिहा." साइट ऑर्डर बुक म्हणून एक वही असते. साइटवर घडलेलं सगळं इंजिनिअरने त्यात लिहायचं, खाली सही करायची. मी लिहिलं: 'घरट्यातील चार अंडी नाहीशी झाली. त्या वेळी तळीत फक्त श्री. बाबी मयेकर उपस्थित होते.' वाक्य अक्षरशः खरं होतं. सरकारी भाषेत माणसाला चोर ठरवायला एवढं पुरतं.

काम बंद पडलं. शेवटची पायरी बसवायची होती, तिच्यापुढची जाळी कापायची होती, आणि देठांत उतरायला दुसरा कोणी तयार नव्हता. "बाबीन अंडी नेल्यान? तो अंडी खाणा नाय, श्रावण पाळता," असं कोणीतरी मला ऐकू जाईल इतपत म्हणालं. दुपारी सगळे जेवायला गेले. मला जेवण जाणार नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी डम्पीला डोळा लावला.

माणसं गेल्यावर पक्षी ओरडायचा थांबला होता. तो रिकाम्या घरट्याकडे गेला नाही. पानांच्या त्या वेड्यावाकड्या पट्ट्यावरून चालत मध्यावर आला आणि खाली वाकला. मग एक गंमतच केली. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये काहीतरी धरलं आणि मागे मागे, उलट्या पावलांनी चालू लागला. मला तो उलटा दिसत होता आणि उलटा चालत होता, त्यामुळे मला समजायला जरा वेळ लागला.

त्याने अंडं धरलं होतं. चौथं अंडं. दोन पावलं ओढायचा, ठेवायचा, दम खायचा, पुन्हा धरायचा. एकदा ते घसरून पानाच्या कडेला गेलं तेव्हा मी इकडे तिपाईचा पाय घट्ट धरला. शेवटी देवचाफ्याखाली पोचला, तिथे ओल्या काड्यांचं नवं घर होतं, तितकंच कच्चं. उरलेली तीन आधीच तिथे होती. चौथं आत ढकललं, चोचीने चारही सारखी केली, आणि पंख सैल सोडून त्यावर बसला.

जुन्या घरापासून वीस फूट. आम्ही वीस माणसं सकाळी एक तास रिकाम्या घरट्याकडे बघून आरडाओरडा करत होतो आणि बिचारा बाप अर्ध्या वाटेत मूल ठेवून आमच्या जाण्याची वाट बघत होता. तो पट्टा म्हणजे त्याचा रस्ता होता. बाबीकाकांनी मुद्दाम ठेवलेला. आणि माझ्या दोरीने अडवलेल्या वाटेवरचे तीन बांबू काढून त्यांनी त्याला फाटक उघडून दिलं होतं. देवाने हातान हलवायला नको सांगितलं होतं. कोणी हात लावलाच नव्हता.

मला स्वतःची लाज वाटली. अशी की उन्हात उभं असून कानांपर्यंत थंड पडलो.

बाबीकाकांच्या घरी गेलो. ते पडवीत बसून माटवी बांधत होते. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला रानातली फळं, काकडी, नारळ, सुपारीचे घोस बांधतात. काकींनी मला बघितलं आणि आत निघून गेल्या. पाणी विचारलं नाही. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही.

"काका, मिया चुकलंय. अंडी मिळाली. तेनाच नेल्यान."

"नेल्यान मां?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "चारय?"

"चारय."

"बरा झाला." मग पुन्हा सुपारीकडे वळले.

"माका सांगलास कित्याक नाय?"

"सांगूक गेलंय तेवा तुमचा ड्रॉइंग आडवा इला. आणि पाखराचो काय भरोसो? मोठ्यान सांगूचा आणि तो गेलो नाय तर?" त्यांनी गाठ मारली, ओढून बघितली. "सायबानू, तुमी बोललास चार माणसांत आणि माफी मागतास पडवीत."

बरोबर होतं. मी संध्याकाळच्या आरतीला देवळात गेलो. सगळे जमल्यावर साइट ऑर्डर बुक उघडलं. या वहीत खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही. चुकीचं लिहिलं तर त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे मूळ चूक जन्मभर वाचता येते, आणि खाली खरं काय ते लिहायचं. मी सकाळच्या वाक्यावर रेघ मारली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: 'सदर अंडी नर पक्ष्याने स्वतः वीस फूट अंतरावर स्थलांतरित केली. त्यासाठीचा मार्ग श्री. बाबी मयेकर यांनी आपल्या अनुभवाने राखला होता. निम्नस्वाक्षरीकाराने त्यांच्यावर घेतलेला संशय निराधार होता व त्याबद्दल तो माफी मागतो.'

"निम्नस्वाक्षरीकार म्हणजे कोण?" मागून एकाने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

बाबीकाका खांबाला टेकून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते तराफ्यावर होते, आणि काकींनी माझ्यासाठी चहा पाठवला होता. उरलेले नऊ बांबू मी स्वतः उपटले. मॅडमनी वहीचं पान वाचलं. "परब," म्हणाल्या, "साइट ऑर्डर बुकात पक्ष्याचं स्थलांतर नोंदवणारे तुम्ही जिल्ह्यातले पहिले असाल." मग वही मिटून, "बरं केलंत."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी घाट मोकळा झाला. नुसती तीन फुटी पट्टी नाही, सगळाच्या सगळा. दीड दिवसाचा पहिला गणपती बाबीकाकांचा. त्यांनी पाटाची एक बाजू मला धरायला दिली. नव्या पायऱ्यांवरून आम्ही उतरलो, एक, दोन, तीन, आणि पाण्यात पायाला एकही देठ लागला नाही. काका दरवर्षी रडतात म्हणे. मी पहिल्यांदाच रडलो. घाटावर गावकरांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांनी आज गणपती पोचवल्यानी, काय चुकला माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्या तळयेत जो एकटो बापूस अंडी धरून बसलोहा, तेच्या वाटेत कोण काठये ठोकीत आसात, निशाणां लावीत आसात, तर तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे माझ्याकडे बघून दुप्पट जोरात ओरडले. सर्वात मोठा आवाज सुनंदा वहिनींचा.

अकराव्या दिवशी वाडीचा शेवटचा गणपती जायचा होता. माझं काम संपलं होतं, तरी मी गेलो, आणि बरोबर डम्पी घेऊन गेलो. ऑफिसात 'अंतिम तपासणी' सांगितलं. घाटावर सगळा गाव जमला होता. मी शेवटच्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच पलीकडून, चार माणसांत, खणखणीत आवाज आला.

"सायबानू, अंडी खंय?"

देवचाफ्याखाली बघितलं तर घर रिकामं. बाबीकाका हाताची घडी घालून उभे होते, चेहरा अगदी मॅडमसारखा.

या खेपेला मी दम धरला. तिपाई उभी केली, डोळा लावला, आणि रिकाम्या घरापासून हळूहळू चहूबाजूला दुर्बीण फिरवली. पाच-सहा फुटांवर एका मोठ्या पानावर तो बसला होता, पंख जरा फुगवून. पंखांखालून काड्यांसारखं काहीतरी बाहेर लोंबत होतं. मी वहिनींना बोलावून बघायला दिलं.

"अगो बाय!" त्या किंचाळल्या. "हेका धा पाय आसत!"

दोन त्याचे, आठ पिल्लांचे. मग तो उठला आणि चार तपकिरी गोळे पानावर सांडले. पाय अंगापेक्षा मोठे. एका ढोलाच्या ठोक्याबरोबर चौघं पाण्यात गडप झाली, नुसती चोचीची टोकं वर. गणपती पाटावर थांबला आणि गाव रांग लावून त्या उलट्या बापाला बघत राहिला. पुरुष जरा घाईने बघून सरकत होते.

"फुटली, काका," मी मोठ्याने सांगितलं. "चारय."

"लिवन ठेवा," बाबीकाका म्हणाले.

मी पिशवीतून वही काढली आणि लिहिलं: 'चार पिल्लं. सर्व सुखरूप.' खाली सही केली. साक्षीदाराची जागा कोरी होती. ती मी काकांपुढे धरली. त्यांनी ओले हात पंच्याला पुसले आणि, माझी वेडीवाकडी रेघ असलेल्या पानाच्या समोरच्या पानावर, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून आपलं पूर्ण नाव लिहिलं.

तेव्हापासून कुठलीही जागा रिकामी दिसली तर वहीत काही लिहायच्या आधी मी आजूबाजूला वीस फूट बघून घेतो.